एकट्यानं अ‍ॅपचा धंदा: हिशोब रिलीजनंतरचा मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंजवडीच्या एका कंपनीत सहा वर्षं अँड्रॉइडचं काम केलंय, आता नोकरी सोडून कराडला परतायचंय आणि एकट्यानं मोबाइल अ‍ॅप बनवून द्यायचा धंदा करायचाय. दर काय लावायचा, फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही) घ्यायचं की नेटिव्ह (प्रत्येकासाठी वेगळा कोड), क्लायंट कुठून आणायचे, कंपनी रजिस्टर करायची का, आणि स्वतःचं अ‍ॅप प्ले स्टोअरवर टाकून पोट भरेल का.

मी २०१४ पासून कोल्हापूर-सांगली पट्ट्यात हेच करतो. दूध संस्था, खत-बियाण्यांची दुकानं, दोन-तीन क्लासेस, एक पतसंस्था असे माझे क्लायंट. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूनं येणार हे धरून चाला. बंगळुरूच्या स्टार्टअपसाठी किंवा अमेरिकेतल्या क्लायंटसाठी काम करणाऱ्याचं गणित काही ठिकाणी वेगळं असेल.

तुमच्या पाचही प्रश्नांत एक गोष्ट कुठेच आलेली नाही: अ‍ॅप स्टोअरवर गेल्यानंतर पुढं काय? एकट्या माणसाचा धंदा बुडतो तो इथं. नवं अ‍ॅप बनवण्याचे पैसे एकदाच येतात, पण ते अ‍ॅप तुमच्या गळ्यात पाच-सात वर्षं असतं. गुगल दरवर्षी ऑगस्टअखेर टार्गेट एपीआयची पातळी, म्हणजे अ‍ॅप अँड्रॉइडच्या किती नव्या आवृत्तीसाठी बांधलेलं हवं ती अट, वाढवतं. २०२५ च्या ३१ ऑगस्टपासून नवीन अ‍ॅप आणि अपडेटला अँड्रॉइड १५, म्हणजे एपीआय ३५ लागलं. जुनं अ‍ॅप तसंच सोडलं तर काही काळानं नव्या फोनवाल्याला ते स्टोअरमध्ये दिसेनासं होतं. मधेच अ‍ॅप कुठली माहिती घेतं ते सांगायचा डेटा सेफ्टीचा फॉर्म येतो, अ‍ॅपमधूनच खातं बंद करायची सोय मागितली जाते, नव्या फोनच्या मेमरीच्या १६ केबी पेज साइजसाठी नेटिव्ह लायब्ररी (आत वापरलेले तयार कोडचे भाग) पुन्हा बांधाव्या लागतात. यातलं काहीच क्लायंटनं मागितलेलं नसतं. त्याला दिसतं एवढंच की "अ‍ॅप बंद पडलं", आणि फोन तुम्हाला येतो.

म्हणून पहिल्या कोटेशनमध्येच वार्षिक देखभालीची ओळ घाला. आपल्याकडे एएमसी म्हटलं की सगळ्यांना कळतं. लिफ्टची असते, वजनकाट्याची असते, तशी अ‍ॅपची. मी बांधणीच्या रकमेच्या १८ ते २० टक्के धरतो, एप्रिलमध्ये आगाऊ. त्यात काय येतं ते लिहून देतो: स्टोअरच्या वार्षिक अटी, लायब्ररी अपडेट, क्रॅश दुरुस्ती, बॅकअप नीट होतोय का ते दर महिन्याला बघणं. नवीन रिपोर्ट, नवीन स्क्रीन, नवीन बटण त्यात येत नाही. एएमसी नको म्हणणारा क्लायंट मी घेतच नाही. सुरुवातीला हात आखडता असतो, असं काम सोडवत नाही, हे मान्य. पण तिसऱ्या वर्षी आठ-दहा एएमसी असलेल्या माणसाला जूनमध्ये काम नसलं तरी झोप लागते आणि नुसती नवी कामं पकडणाऱ्याला लागत नाही, एवढा फरक पडतो.

आता दर. कंपनीतला पगार भागिले १६० तास असला हिशोब करू नका. वर्षाचे ५२ आठवडे, त्यातून गणपती, दिवाळी, घरची लग्नं, आजारपण काढा, ४४ उरतात. आठवड्यात बिल लावता येईल असे तास २५ धरा, कारण उरलेला वेळ फोन, कोटेशन, वसुली आणि सीएकडे जातो. झाले ११०० तास. वर्षाला घरात १२ लाख यायला हवेत आणि लॅपटॉप, टेस्टिंगचे फोन, सर्व्हर, विमा, प्रवास मिळून ३ लाख खर्च धरला, तर १५ लाख भागिले ११००, म्हणजे तासाला १,३५० ते १,४०० रुपये. हा तुमचा तळ. क्लायंटला तासाचा दर सांगायचा नाही, एकूण रक्कम सांगायची. पण मनात हा आकडा पक्का हवा. "पुण्यात एक जण साठ हजारात करून देतो" हे वाक्य तुम्हाला पहिल्याच महिन्यात ऐकायला मिळेल, आणि हल्ली त्याच्या जोडीला "आता तर एआयच सगळं लिहितं ना?" हेही. कोड लिहिणं स्वस्त झालंय हे खरं आहे, मीही वापरतो. पण दूध संस्थेच्या सचिवासमोर बसून दरपत्रक समजून घेणं काही स्वस्त झालेलं नाही. साठ हजारवाल्याकडे जायचं असेल तर जाऊ द्या. त्यातले काही वर्षभरानं परत येतात, बहुतेक वेळा सोर्स कोड हातात नसलेले.

पैशाचे टप्पे मी ४०-३०-३० ठेवतो: काम सुरू करताना, टेस्ट बिल्ड (तपासायची आवृत्ती) हातात दिल्यावर, आणि स्टोअरवर प्रॉडक्शनला, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं, टाकायच्या आधी. शेवटचा हप्ता "लाँच झाल्यावर देतो" असं कबूल करून बसलात तर लाँच कधी झालं यावरच वाद होतो. उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग (एमएसएमई) म्हणून नोंद, करून घ्या, फुकट आणि ऑनलाइन आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसला तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर वेळेत न दिलेली रक्कम क्लायंटला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. बिलाच्या तळाशी उद्यम नंबर छापला की मार्च महिन्यात समोरच्याचा सीएच पैसे सोडायला सांगतो. कोर्टाच्या नोटिशीपेक्षा हे जास्त चालतं.

क्लायंट कुठून आणायचे, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: एक धंदा धरा आणि त्यात मुरा. तुम्ही कराडला जाताय, आजूबाजूला दूध आहे, ऊस आहे, रोपवाटिका आहेत, ट्रान्सपोर्ट आहे. कुठलाही एक. मी दुधाचं सांगतो, कारण ते मला माहीत आहे.

संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध येतं. प्रत्येक उत्पादकाचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ), त्यावरून दर, आणि हातात चिठ्ठी. चिठ्ठी छापायला ब्लूटूथचा ५८ मिलिमीटरचा थर्मल प्रिंटर असतो. हा प्रिंटर इंग्रजी अक्षरं सरळ छापतो. मराठी मजकूर पाठवला की प्रश्नचिन्हं नाहीतर चिनी चिन्हं बाहेर येतात. एखाद्यात देवनागरी फाँट असला तरी जोडाक्षरं आणि रफार फुटतात. मग फोनवरच कॅनव्हासवर (कोडनं चित्र काढायच्या कोऱ्या पाटीवर) ओळ काढायची, ३८४ ठिपके रुंदीचं काळं-पांढरं चित्र करायचं आणि ते प्रिंटरला पाठवायचं. चित्र पाठवायला वेळ लागतो आणि केंद्रावर रांग असते, त्यामुळे चिठ्ठी सात-आठ ओळींच्या वर जाऊ द्यायची नाही. प्रिंटरचा बफर (आलेला डेटा धरून ठेवायची जागा) लहान असतो, तेव्हा चित्राचे तुकडे करून मध्ये थोडा श्वास द्यायचा, नाहीतर शेवटच्या दोन ओळी गायब. हे एकदा नीट जमवून त्याचं मॉड्यूल (पुन्हा वापरता येणारा कोडचा भाग) केलं की दुसऱ्या संस्थेला ते तयार असतं. खतवाल्याच्या बिलालाही तेच चालतं.

आणि मुरणं म्हणजे नुसतं तांत्रिक नाही. दुधाचं बिल दहा दिवसांचं असतं: एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. त्यामुळे ९, १९ आणि २९ तारखेला मी कुठलंही अपडेट सोडत नाही, कितीही छोटं असो. दिवाळीआधी संस्था दूध दर फरक वाटतात, म्हणजे वर्षभराच्या दुधाचा हिशोब एकदम निघतो. तो रिपोर्ट ऑगस्टमध्येच तपासून ठेवायचा. हे माहीत असलेला माणूस सचिवाशी पाच मिनिटं बोलला की त्याला समजतं, याला आपलं काम कळतं. मग तो शेजारच्या गावच्या सचिवाला सांगतो. माझी वेबसाइट आहे, पण तिच्यावरून आलेली कामं बोटावर मोजण्याइतकी.

त्याच संस्थेत "सर, फक्त एक बटण वाढवायचंय" हे कसं येतं तेही पाहा. मागणी असते चुकून पडलेली नोंद दुरुस्त करायच्या बटणाची. बटण खरंच तासाभराचं. पण दुरुस्ती कुणी करायची, सचिवानं की केंद्रावरच्या मुलानं? जुना आकडा कुठे राहणार? बिल निघाल्यावर दुरुस्ती चालणार का? उत्पादकाच्या हातातल्या चिठ्ठीचं काय? ऑडिटरनं विचारलं तर? एवढे प्रश्न मी व्हॉट्सअ‍ॅपवर परत पाठवतो. कधी मागणीच मागं घेतली जाते, कधी चार दिवसांचं काम म्हणून रीतसर मंजूर होऊन येते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कुठलाही बदल मी ईमेलवर लिहून "हे असं करायचंय, इतके पैसे, होकार द्या" असं पाठवल्याशिवाय हातात घेत नाही. रात्री दहानंतर आलेल्या मेसेजला सकाळीच उत्तर देतो. पहिल्या महिन्यात लावलेली सवय पुढं बदलत नाही, त्यांचीही आणि आपलीही.

फ्लटर की नेटिव्ह? तुम्हाला अँड्रॉइडची कॉटलिन भाषा येते, तर पहिलं अ‍ॅप कॉटलिनमध्येच करा. क्लायंटला आयफोनवर खरंच हवंय का ते आधी विचारा. संकलन केंद्रावर मला आजवर आयफोन दिसलेला नाही. क्लासेसवाल्यांना मात्र लागतो, कारण पालकांकडे असतो. तिथं फ्लटर बरं, एकट्यानं दोन कोडबेस सांभाळणं जिवावर येतं. आयफोनसाठी अ‍ॅपलचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर लागतं, म्हणजे मॅक आलाच; सेकंडहँड मॅक मिनी पुरतो. भाषेपेक्षा लायब्ररी निवडताना जास्त जपा. फेसबुकनं पार्स ही अ‍ॅपचा डेटा ठेवायची सेवा बंद करतोय असं जानेवारी २०१६ मध्ये सांगितलं आणि वर्षभरात बंद केलं. गुगलच्या फायरबेस सेवेतल्या डायनॅमिक लिंक्स (थेट अ‍ॅपमध्ये नेणाऱ्या लिंक) ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाल्या. मोठ्या टीमला असलं स्थलांतर म्हणजे एक स्प्रिंट, कामाचा एक-दोन आठवड्यांचा टप्पा. तुमच्याकडे तेच दहा अ‍ॅपमध्ये असेल तर अख्खा महिना, बिनपैशाचा. म्हणून मी सगळ्या अ‍ॅपना एकच साचा ठेवतो, तीच फोल्डर रचना, तेच लॉगिन, तीच डेटाबेस लायब्ररी. कंटाळवाणं आहे, पण रात्री फोन आला तर कुठली फाइल उघडायची ते डोळे मिटून कळतं.

टेस्टिंगला भारी फोन घेऊ नका. दोन-तीन जीबी रॅमचे जुने शाओमी, विवो, ओपो घ्या, कारण बॅटरी वाचवायच्या नावाखाली पार्श्वभूमीतली कामं आणि नोटिफिकेशन मारण्यात हेच पुढं असतात. एमुलेटरवर (कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर) उत्तम चाललेलं सिंक (सर्व्हरशी डेटा जुळवणं) यांच्यावर रात्रीत गप्प होतं. ऑटोस्टार्टची सेटिंग कुठे आहे ते दाखवणारी, फोनच्या कंपनीनुसार बदलणारी एक मदत-स्क्रीन मी प्रत्येक अ‍ॅपमध्ये घालतो. तिनं तक्रारीचे फोन बरेच कमी होतात.

आता ज्याच्याकडे नवे लोक हमखास दुर्लक्ष करतात ते: खाती कुणाच्या नावावर. क्लायंटचं अ‍ॅप आपल्या डेव्हलपर खात्यावरून कधीही प्रकाशित करू नका. प्ले कन्सोलचे (गुगलच्या विकसक खात्याचे) एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलचे वर्षाला ९९ डॉलर. क्लायंटच्या नावावर, त्याच्या कार्डानं. कारणं बरीच आहेत. एका क्लायंटच्या अ‍ॅपनं धोरण मोडलं आणि खातं गेलं तर बाकी सगळ्यांची अ‍ॅप त्याबरोबर जातात. एकाच साच्यातून काढलेली क्लासेसची अ‍ॅप अ‍ॅपल तुमच्या खात्यावरून घेतच नाही. ज्याचा मजकूर त्यानंच ती द्यावीत असा नियम आहे. शिवाय पैसे कमावणारं अ‍ॅप असेल तर प्ले स्टोअरवर विकसकाचा पूर्ण पत्ता दिसतो, आणि तो तुमच्या घरचा असेल. संस्थेच्या नावानं खातं काढायला डन्स नंबर (संस्थांना मिळणारा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागतो, तो मिळायला वेळ जातो, म्हणून अ‍ॅडव्हान्स आला की त्याच दिवशी अर्ज करायला लावा. वैयक्तिक खातं काढलंत आणि ते १३ नोव्हेंबर २०२३ नंतरचं असेल, तर प्रॉडक्शनआधी १२ जणांनी सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टमध्ये (निवडक लोकांच्या चाचणीत) राहावं लागतं (आधी ते २० होते). क्लायंटला दिलेल्या तारखेत हे दोन आठवडे धरायला विसरू नका.

ओटीपीचा एसएमएसही तसाच. त्यासाठी टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीच्या) पोर्टलवर संस्थेची नोंदणी, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो, संस्थेच्या पॅनवर. साच्यात आणि पाठवलेल्या मजकुरात एका स्पेसचा फरक पडला तरी मेसेज पोहोचत नाही, आणि एरर बघायला मिळेलच असं नाही. छोट्या संस्थेला मी ओटीपी देतच नाही. सचिव प्रत्येकाला पिन देतो, विसरला तर सचिवच बदलतो. डोमेन, सर्व्हर, फायरबेसचं बिलिंग हेही क्लायंटच्याच कार्डावर.

करारात एक कलम वकिलाकडून नीट लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फ्रीलान्सरनं लिहिलेल्या कोडचा हक्क मुळात त्याचाच असतो. तो लेखी सही करून द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, हद्द लिहिली नसेल तर भारतापुरताच धरला जातो. क्लायंटला हे समजावून सांगा, विश्वास वाढतो. माझं कलम सरळ आहे: पूर्ण पैसे मिळाल्यावर त्या अ‍ॅपसाठी लिहिलेला कोड कायमचा त्यांचा, प्रिंटर, सिंक, लॉगिन असे माझे सामाईक मॉड्यूल माझे, त्यांना वापरायचा कायम परवाना. ही दुसरी ओळ नसेल तर तुमचं प्रिंटरचं मॉड्यूल तुम्ही पहिल्याच गिऱ्हाइकाला विकून बसाल.

कंपनी रजिस्टर करू नका, निदान आत्ता. प्रोप्रायटरशिप पुरे. शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना, करंट खातं, व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये. सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. त्यापुढं १८ टक्के लावायचा. परदेशी क्लायंट असेल तर ती निर्यात, एलयूटी (जीएसटीचं हमीपत्र) भरलं की कर न लावता बिल करता येतं, पण दरवर्षी ते नव्यानं भरायचं. आयकरात माहिती तंत्रज्ञान हा अधिसूचित व्यवसाय असल्यानं जमेच्या निम्मी रक्कम नफा धरून कर भरायची सोय आहे. जुन्या कायद्यातलं ४४एडीए. १ एप्रिल २०२६ पासून कायदा नवा, कलमांचे क्रमांक नवे, तरतूद आहेच. त्यात आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरायचा असतो. क्लायंट टीडीएस कापेल, कुणी व्यावसायिक फी धरून १०, कुणी तांत्रिक सेवा धरून २ टक्के. कापलेला खरंच भरलाय का ते दर तिमाहीला पोर्टलवर बघा. बाकी सीए.

स्वतःच्या अ‍ॅपबद्दल. स्टोअरचा वाटा छोट्या विकसकाला १५ टक्के आहे, अ‍ॅपलकडे जानेवारी २०२१ पासून आणि गुगलकडे त्याच वर्षीच्या जुलैपासून, दोन्हीकडे वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत. म्हणजे अडचण कमिशनची नाही, लोकांपर्यंत पोहोचायची आहे. पंचांग, सुविचार, स्पर्धा परीक्षा या रांगेत कृपया उभे राहू नका. जाहिरातीचे पैसे इतके कमी येतात की तुमचा एक दिवसही निघत नाही. चाललं तर असं चालतं: तीन क्लायंटना एकच गोष्ट बनवून दिली, चौथ्याला तीच वर्षाच्या वर्गणीवर दिली. खतवाल्यांच्या उधारीचं माझं अ‍ॅप असंच उभं राहिलं. स्टोअरच्या शोधातून त्याला कुणी आलं नाही, एका घाऊक व्यापाऱ्यानं आपल्या दुकानदारांना सांगितलं.

"तुम्ही आजारी पडलात तर?" हे शहाणा क्लायंट विचारतोच. उत्तर तयार हवं. दुसऱ्या शहरात एकट्यानंच काम करणाऱ्या एका मित्राशी माझा लेखी करार आहे: पंधरा दिवसांपेक्षा जास्त मी बंद असलो तर त्यानं फक्त चालू अ‍ॅप चालू ठेवायची, ठरलेल्या दरानं, आणि उलटही. रिपॉझिटरी (कोड ठेवायची जागा) वाचायला त्याला परवानगी आहे, बिल्ड कसं करायचं याची फाइल प्रत्येक प्रोजेक्टमध्ये आहे. प्ले अ‍ॅप साइनिंग चालू ठेवा, म्हणजे अपडेटवर सही करायची अपलोडची किल्ली हरवली तरी गुगलकडून नवी घेता येते.

राजीनामा देण्याआधी नोकरीच्या करारातलं बाहेरच्या कामाचं आणि कोडच्या मालकीचं कलम वाचा. नोकरीत असताना घरी लिहिलेल्या कोडवरही काही कंपन्या हक्क सांगतात. पहिला क्लायंट आणि त्याचा अ‍ॅडव्हान्स खात्यात आल्यावर, वर्षभराचा घरखर्च बाजूला असताना बाहेर पडा. आरोग्य विमा आत्ताच स्वतःच्या नावानं काढा, कारण कंपनीचा गट विमा शेवटच्या दिवशी संपतो आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ शून्यापासून मोजला जाऊ शकतो. आणि कराडला घर घ्यायचा किंवा बांधायचा विचार असेल तर कर्ज पगाराची स्लिप हातात आहे तोवर मंजूर करून घ्या. व्यवसायवाल्याकडे बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते, आणि तुमच्या पहिल्या वर्षाचं रिटर्न बघून कुठलाही मॅनेजर खूश होणार नाही.